दीडशे मर्सिडीज आणि माळेगावची यात्रा

ऑक्टोबर २०१०. दसरा तोंडावर आलेला. तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारींच्या किल्ल्या मालकांच्या हातात पडल्या. सौदा ६५ कोटींचा, म्हणजे सरासरी एक गाडी ४३ लाखांची. त्या अख्ख्या वर्षात मर्सिडीजने देशभरात विकल्या साधारण ५,८०० गाड्या. त्यातली जवळपास प्रत्येक एकोणचाळिसावी गाडी मराठवाड्यातल्या एका शहराने एका दिवसात उचलली.

हे जमलं कसं? उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक अशी मंडळी एकत्र आली, आकडा मोठा केला आणि कंपनीशी घाऊक भाव ठरवला. नांदेडच्या मोंढ्यात पाच-सहा शेतकरी माल एकत्र करून आडत्याशी बोलतात, तोच प्रकार. फक्त इथे बाजू खरेदीदाराची होती. आपल्या शहराला कुणी मागास म्हणू नये, हाही हेतू होता आणि तो त्यांनी लपवला नाही. गंमत म्हणजे शहराबाहेर शेंद्र्याच्या कारखान्यात तेव्हा ऑडी जुळवल्या जात होत्या. दारातली गाडी सोडून मंडळींनी पुण्याजवळच्या चाकणची घेतली.

आता हिशोब मांडू. दीडशे गाड्या एकीमागे एक चिकटवून उभ्या केल्या तर सातशे मीटरची रांग होते. सरासरी २०० अश्वशक्ती धरली तर एकूण ३०,०००. तेवढी ताकद गोळा करायला ४५ अश्वशक्तीचे ६६७ ट्रॅक्टर लागतील. पैशांत मोजलं तर मात्र आकडा फुगतो: साडेपाच लाखांचा एक ट्रॅक्टर धरला तर ६५ कोटींत अकराशे ऐंशी ट्रॅक्टर येतात.

या सौद्यासाठी स्टेट बँकेने ४० कोटींहून जास्त कर्ज दिलं, व्याज ७ टक्के. त्याच काळात मराठवाड्यातला शेतकरी ट्रॅक्टरच्या कर्जावर याहून कितीतरी जास्त व्याज भरत होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये नेमकं याच फरकावर बोट ठेवलं. ४० कोटींवरचा एक टक्का म्हणजे वर्षाला ४० लाख. व्याजदरातला एक टक्का म्हणजे पहिल्याच वर्षी जवळपास एक मर्सिडीज. माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा ६५ कोटी नव्हता, हा एक टक्का होता.

हौशी मोटारवाल्यांच्या संघटना आपल्याकडे जुन्या आहेत. १९०४ च्या अखेरीस मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने दिल्ली ते मुंबई मोटारी पळवल्या. सुमारे १,४०० किलोमीटर. वेगाचा प्रश्न नंतरचा, गाडी पोचते का हीच चुरस. १९१९ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन उभी राहिली, ती अजून चालू आहे. या संघटनांत माणूस आधी गाडी घेई आणि मग सभासद होई. औरंगाबादकरांनी क्रम उलटा केला: आधी जमले, मग गाडी घेतली. सगळी गंमत या उलट्या क्रमात आहे. इथे शौक भावतावापासून सुरू होतो.

त्या काळी नांदेड आणि लातूर या दोन्ही गावांचा मालक हैदराबादचा निजाम होता, आणि त्याच्या मोटारींचा हिशोब औरच. सहाव्या निजामाने, महबूब अली खानने, १९११ मध्ये रोल्स रॉईसची सिल्व्हर घोस्ट मागवली. आत सिंहासनासारखी उंच बैठक, म्हणून तिचं नाव 'थ्रोन कार'. गाडी तयार होईपर्यंत तो वारला आणि ती त्याचा वारस उस्मान अली खानच्या वाट्याला आली. ही गाडी निजामाकडे एकूण किती धावली? ३५६ मैल. म्हणजे ५७३ किलोमीटर. हैदराबादहून नांदेडला एकदा येऊन परत गेलं की जेवढं होतं तेवढंच, जवळपास तंतोतंत. १९३२ मध्ये त्याच राज्यात सरकारी बससेवा सुरू झाली तेव्हा सगळ्या मिळून २७ बस होत्या, आणि त्यांतली कुठलीही बस हे अंतर दोन-चार दिवसांत कापत असणार.

परत ऑक्टोबर २०१० कडे. त्याच महिन्यात बुगाटीने आपली व्हेरॉन भारतात विकायला काढली. किंमत १६ कोटी. म्हणजे औरंगाबादच्या दीडशे मर्सिडीजच्या पैशांत चार बुगाटी. सोळा सिलिंडर, आठ लिटरचं इंजिन, १,००१ अश्वशक्ती, कमाल वेग ताशी ४०७ किलोमीटर.

ही गाडी लातूर-नांदेड रस्त्यावर सोडू. कागदावरच, कारण खऱ्या रस्त्यावर पहिला गतिरोधकच तिला पुरून उरेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असावा; स्पोर्ट्स कारचं पोट रस्त्यापासून साधारण ११ ते १३ सेंटिमीटरवर असतं. उरली बोटभर फट. आणि अपघातानंतर गावकऱ्यांनी मुरूम-डांबर टाकून रातोरात केलेला गतिरोधक नियमाचं पुस्तक वाचून केलेला नसतो. मग गाडीवाला वेग पार मारतो, शेजारच्याला खाली उतरवतो, चाक तिरपं घालतो, एक-एक चाक चढवतो. पुढच्या ओठाखालून खर्र असा आवाज आला की त्याचा चेहरा बघवत नाही. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शांतपणे थांबलेला असतो. त्याला हा गतिरोधक जाणवतसुद्धा नाही.

पण समजा रस्ता मोकळा आहे. लातूर-नांदेड सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे ४०७ च्या वेगाने एकवीस मिनिटं. सेकंदाला ११३ मीटर. नुसती पापणी लवेपर्यंत तीस-पस्तीस मीटर मागे पडतात. पाचव्या मिनिटाला चाकूर, दहाव्या मिनिटाला अहमदपूर. आणि मग खेळ खलास. पूर्ण वेगात व्हेरॉनची १०० लिटरची टाकी बारा मिनिटांत कोरडी होते. बारा मिनिटांत होतात ८१ किलोमीटर. टायर मात्र पंधरा मिनिटं टिकतात, म्हणजे पेट्रोल आधी संपतं हे नशीबच. सोळा कोटींची गाडी बंद पडते ती अहमदपूरच्या पुढे, लोह्याच्या अलीकडे, माळेगावच्या आसपास.

माळेगाव म्हणजे खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षात इथे घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो आणि घोड्याचे दात, खूर, चाल बघून भाव ठरतो. अश्वशक्ती या मापाची परीक्षा घ्यायला यापेक्षा बरी जागा नाही. जेम्स वॅटने एक अश्वशक्ती ठरवली ती दिवसभर राबणाऱ्या घोड्याच्या हिशोबाने. तगडा घोडा काही क्षणांसाठी जोर लावतो तेव्हा तो पंधराच्या घरात अश्वशक्ती देतो. म्हणजे बंद पडलेल्या व्हेरॉनचा जोर क्षणभर पुरवायला हजार घोडे नकोत, सदुसष्ट पुरेत. माळेगावच्या बाजारात ते उभ्या उभ्या मिळतील.

व्हेरॉननंतर शिरॉन आली: १,५०० अश्वशक्ती, मिनिटाला ६०,००० लिटर हवा ओढणारी. माणूस पाच-सहा दिवसांत जेवढा श्वास घेतो तेवढी ती मिनिटात गिळते. इंजिन थंड ठेवायला तिचा पंप मिनिटाला ८०० लिटर पाणी फिरवतो. ही गाडी जगापुढे आली मार्च २०१६ मध्ये. पुढच्याच महिन्यात दुष्काळात कोरड्या पडलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे आली. मिरजेहून निघालेली ती पहिली जलदूत: दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, ३४२ किलोमीटर, अठरा तास. सरासरी वेग ताशी १९ किलोमीटर. शिरॉनचा पंप एवढं पाणी साडेदहा तासांत फिरवून मोकळा झाला असता. लातूर शहरात ते माणशी सव्वा लिटरच्या आसपास आलं. तरी एवढी वाट लातूरने दुसऱ्या कुठल्या गाडीची पाहिली नसेल.

परिवहन खात्याचे आकडेही कमी नाहीत. आठ लाखांची पेट्रोल गाडी घेणारा महाराष्ट्रात ११ टक्के कर भरतो, म्हणजे ८८ हजार. महागड्या गाडीचा दर वरचा, पण कराला कमाल मर्यादा आहे: पूर्वी २० लाख, जुलै २०२५ पासून ३० लाख. सोळा कोटींच्या गाडीला ३० लाख म्हणजे पुरते दोन टक्केही नाहीत. अकरा आणि दोन. ट्रॅक्टरच्या व्याजाची आठवण यावी असाच हा उतार.

नंबरप्लेटचं गणित तर डोकं फिरवणारं. लातूर एमएच २४, नांदेड एमएच २६. ऑगस्ट २०२४ मध्ये पसंतीच्या क्रमांकांचे दर वाढले आणि चारचाकीसाठी ०००१ चा दर अशा जिल्ह्यांत ३ लाखांवरून ५ लाखांवर गेला. एका मालिकेत क्रमांक असतात ९,९९९, आणि ०००१ एकच. आता त्या दीडशे मर्सिडीजवाल्यांपैकी प्रत्येकाला लातूर-नांदेडच्या दराने ०००१ हवा असता तर? सरळ रांगेत थांबायचं तर दीडशे मालिका सुरू व्हायला हव्यात, म्हणजे जवळपास १५ लाख गाड्यांची नोंदणी व्हायला हवी. थांबायचं नसेल तर चालू मालिकेबाहेरचा क्रमांक तिप्पट पैसे मोजून मिळतो: १५ लाख. दीडशे जणांचे मिळून २२ कोटी ५० लाख. औरंगाबादच्या भावाने आणखी ५२ मर्सिडीज.