एक लिटर पेट्रोल, एक टँकर हवा

पेट्रोलचा भाव सगळ्यांना तोंडपाठ. हवेचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही, कारण ती फुकट. आज ठेवून बघू.

एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, म्हणजे लिटरमागे हवा झाली अकरा किलो. ही अकरा किलो हवा मे महिन्यातली, खामगाव-शेगावकडची, तापून विरळ झालेली घेतली तर भरते सुमारे 10,000 लिटर. आणि 10,000 लिटर म्हणजे किती, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात हंडे-कळश्या घेऊन तो त्याचीच वाट बघत उभा असतो. एक टँकर! लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी आपली घरगुती गाडी मुंबईहून पुण्याला जाईपर्यंत हवेचे दहा टँकर रिचवते. समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर संपवून नागपूर गाठेपर्यंत सत्तेचाळीस!

ही झाली साधी गाडी. आता स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडू. दोन लिटरचं इंजिन, चार सिलिंडर, मिनिटाला 7,000 फेरे. दर दोन फेऱ्यांत इंजिन एकदा पोटभर श्वास घेतं, म्हणजे मिनिटाला दोन-दोन लिटरचे 3,500 श्वास. झाली 7,000 लिटर हवा. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सातेक लिटर पुरते. म्हणजे बॉनेटखाली हजार माणसं एकाच वेळी श्वास घेत बसली आहेत. एसटीत कोंबायची म्हटली तर तेवीस गाड्या लागतील, तेही सगळ्यांना बसायला जागा द्यायची तर. आपल्याकडची वीस फूट रुंद, पन्नास फूट खोल विहीर घ्या. तळापर्यंत कोरडी, नुसती हवेनं भरलेली. हे इंजिन ती तासाभरात उपसून टाकेल.

आणि घाई तर बघा. एका सिलिंडरची झडप उघडी राहते सेकंदाचा जेमतेम सहा हजारावा नव्हे, सहा हजारांश भाग. हजारातले सहा! तेवढ्यात अर्धा लिटर हवा आत गेली पाहिजे. आपली पापणी एकदा लवायला याच्या पंधरा-वीस पट वेळ घेते.

म्हणून इंजिनात हवा नेणारा इनटेकचा पाइप हा इतका जिव्हाळ्याचा विषय. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून ही हवा ताशी 110 किलोमीटरनं धावते. जून 2020 मध्ये अलिबागजवळ धडकलेलं निसर्ग चक्रीवादळ जवळपास याच वेगाचं होतं. पाइप साठचा केलात की वेग दीडशेवर जातो आणि प्रत्येक वळणावर हवा अडखळते, धडपडते. इंजिनाची ताकद अशीच गळते. कंपनीनं दिलेल्या फिल्टरच्या डब्याला शांत राहायचं असतं, स्वस्त असायचं असतं, बॉनेटखालच्या उरल्यासुरल्या जागेत मावायचं असतं. बाहेरून आणून बसवायचा इनटेक या तिन्हींतून मोकळा.

इंजिनिअरिंगच्या पोरांची फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धा याच्या बरोबर उलट छळ करते. तिथे पेट्रोल गाडीची सगळी हवा 20 मिलिमीटरच्या भोकातून गेली पाहिजे, असा नियम आहे. नव्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं खिशातून काढा. बस्स, एवढंच भोक! इंजिन ओढत राहतं, हवा वेग घेत राहते, आणि शेवटी त्या रुपयाएवढ्या गळ्यात ती ध्वनीचा वेग गाठते. ताशी अकराशेच्या वर. त्या वेगानं मुंबई-पुणे आठ मिनिटांत! त्यापुढे कितीही जोर लावा, हवेचा एक जादा घोटही मिळत नाही. पोरांचं सगळं डोकं चालतं ते या भोकाच्या अलीकडचा आणि पलीकडचा उतार घोटून गुळगुळीत करण्यावर.

पण आकड्यांची खरी गंमत तापमानात आहे. बाहेर 42 अंश, बॉनेटखाली 75. नुसता चकचकीत पाइप बसवून इंजिनाला आतली भाजकी हवा पाजलीत, तर घनता दहा टक्क्यांनी घसरते. दोनशे घोड्यांच्या गाडीचे अठरा-वीस घोडे आवाज न करता पसार. आवाज मात्र दुप्पट, त्यामुळे मालक खूश! चांगल्या पाइपानं अडथळा कमी करून मिळतात पाचेक घोडे. मलकापूरहून निघून राजूर घाट चढून बुलढाण्यात पोचलात की उंचीवरच्या विरळ हवेनं आठ गेलेले असतात. बंपरमधून समोरचा वारा आत घ्यावा म्हणाल, तर समृद्धीवरच्या कायदेशीर 120 च्या वेगाला त्यातून मिळतो अर्धा टक्का. एक घोडा. तोही शिंगरूच म्हणा. म्हणून आधी उष्णता अडवायची, डबा बंदिस्त करायचा, तोंड गार हवेकडे वळवायचं; चकाकी नंतर.

आणि धूळ! मेहकरच्या एका गॅरेजात मेकॅनिकनं माझ्यासमोर फिल्टर काढून पायरीवर आपटला. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर काळ्या मातीची ढिगोळी पडली. "पाहा भाऊ, हे समदं इंजिनाच्या पोटात गेलं असतं." समोरचा ट्रॅक्टर दिसेनासा व्हावा अशा धुळीत घनमीटरला ग्रॅमभर माती धरली, तर आपलं इंजिन दहा मिनिटांत सत्तर ग्रॅम ओढतं. मूठभर! एक फिल्टर 99 टक्के अडवतो, दुसरा 97. फरक दोनाचा वाटतो ना? आत जाणारी माती तिप्पट होते. बाजारातले काही नावाजलेले फिल्टर तेलात भिजवलेल्या सुती जाळीचे असतात, हे ऐकून मला खामगाव आठवलं. तिथल्या कापसाच्या बाजारासाठी 1870 मध्ये जलंबहून तेरा किलोमीटरचा खास लोहमार्ग आणला होता.

आता शेवटचं माप. मेहकरहून वीस-पंचवीस किलोमीटरवर लोणारचं विवर. काठापासून काठापर्यंत 1.83 किलोमीटर, खोली 137 मीटर. वाडग्याचा आकार धरून ढोबळ हिशेब केला तर आत मावते अठरा कोटी घनमीटर हवा. आपल्या त्या चार लाख विहिरी! आपली स्पोर्ट्स कार काठावर उभी करा आणि पेडल पूर्ण दाबून ठेवा. दिवसरात्र. ती एवढी हवा पिऊन संपवील एकोणपन्नास वर्षांत. बुगाटी शिरॉन ही गाडी मिनिटाला 60,000 लिटर ओढते, दर मिनिटाला सहा टँकर. तिलाही पावणेसहा वर्षं लागतील. दोघींपैकी कुणीही प्यायली तरी पेट्रोल जळेल 1.8 कोटी लिटर. लिटरला 105 रुपये धरले तर 189 कोटी रुपये. सत्तर हजार लिटरच्या वाघिणी, पन्नास वाघिणींची एक मालगाडी, अशा पाच मालगाड्या लोणारच्या काठावर रित्या!

आणि हा वाडगा खणणारा, आकाशातून आलेला दगड? त्याचा वेग सेकंदाला वीस किलोमीटर धरतात. मुंबई-पुणे आठ सेकंदांच्या आत. त्याच्या पुढ्यातही हीच हवा होती, आणि बाजूला व्हायला तिला वेळच मिळाला नाही.