नवे औषध कोणाचे? जैवतंत्रज्ञान आणि औषधनिर्मिती कंपन्यांमधील करारांचे अंतरंग

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील ॲबव्ही या बड्या औषध कंपनीने ‘आयएसबी २००१’ नावाच्या एका औषधाच्या हक्कांसाठी ७० कोटी डॉलर अग्रिम देण्याचा करार जाहीर केला. हे औषध विकसित करणारी इक्नोस ग्लेनमार्क इनोव्हेशन ही संस्था मुंबईच्या ग्लेनमार्क समूहाची. मल्टिपल मायलोमा या रक्ताशी संबंधित कर्करोगावरील हे औषध तेव्हा कोणत्याही दुकानात उपलब्ध नव्हते. त्याच्या मानवी चाचण्यांचा पहिलाच टप्पा सुरू होता. पुढील टप्पे यशस्वी झाल्यास आणखी १२२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत रक्कम आणि विक्रीवर रॉयल्टी, असेही करारात नमूद आहे.

बाजारात न आलेल्या आणि कदाचित कधीच न येणाऱ्या औषधासाठी एवढी मोठी रक्कम का मोजली जाते, असा प्रश्न कोणालाही पडेल. या प्रश्नाच्या उत्तरातच आजच्या औषधसंशोधनाची सारी घडण दडलेली आहे.

जैविक औषध हे रासायनिक गोळीपेक्षा मुळातच वेगळे असते. ते जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेले प्रथिन असते. ‘आयएसबी २००१’ हे असेच एक प्रतिपिंड असून ते एकाच वेळी तीन ठिकाणी चिकटते. त्यांपैकी दोन ठिकाणे कर्करोगाच्या पेशीवर आणि तिसरे आपल्या रोगप्रतिकारक टी-पेशीवर असते. शत्रू आणि शिपाई यांना समोरासमोर आणून उभे करणे, असे त्याचे कार्य थोडक्यात सांगता येईल. अशी रचना सुचणे आणि ती प्रयोगशाळेत सिद्ध करणे हे लहान, एकाग्र संशोधकगटाचे काम आहे. मात्र त्यानंतर अनेक देशांतील रुग्णालयांत चाचण्या घेणे, प्रत्येक देशाच्या औषध नियंत्रकाचे समाधान करणे, निर्जंतुक कारखाना उभारणे आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचणे यासाठी लागणारा पैसा आणि मनुष्यबळ त्या गटाकडे सहसा नसते. बड्या औषध कंपन्यांकडे हे सारे असते. नव्या कल्पना मात्र त्यांना वरचेवर बाहेरून घ्याव्या लागतात, कारण जुन्या औषधांची पेटंटे वीस वर्षांनी संपतात आणि त्यांसोबत उत्पन्नही आटते.

या पद्धतीचा पाया १९७८ मध्ये घातला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही. रॉबर्ट स्वॉन्सन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात जेनेंटेक ही कंपनी स्थापन केली होती. सिटी ऑफ होप या वैद्यकीय संस्थेतील आर्थर रिग्ज आणि केइची इताकुरा यांच्या साहाय्याने जेनेंटेकने १९७८ च्या ऑगस्टमध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात यश मिळवले. त्याच महिन्यात एली लिली या कंपनीशी तिचा करार झाला. लिली १९२३ पासून इन्सुलिन विकत होती. हे इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई, आणि मधुमेहींची संख्या वाढत गेल्यास ते पुरेल का, ही चिंता त्या काळी होतीच. नव्या करारानुसार जेनेंटेकने तंत्र द्यायचे, उत्पादन, चाचण्या आणि विक्री लिलीने पाहायची व विक्रीतून जेनेंटेकला रॉयल्टी द्यायची, असे ठरले. ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या इन्सुलिनला मान्यता दिली.

या यशोगाथेचा एक धागा मात्र न्यायालयात गेला. जेनेंटेक आणि सिटी ऑफ होप यांच्यात १९७६ मध्ये झालेल्या करारात दोन टक्के रॉयल्टीचे कलम होते. जेनेंटेकने हे तंत्रज्ञान इतर कंपन्यांना परवान्याने दिले, तर त्या उत्पन्नावरही हे दोन टक्के लागू होतात की नाही, यावर वाद पेटला. अखेर २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० कोटी डॉलरची भरपाई कायम ठेवली; त्यावरील दंडात्मक २० कोटी मात्र रद्द केले. एका जुन्या कलमाच्या अर्थाची ही किंमत पाहता, आज असे करार शेकडो पानांचे का असतात, हे सहज कळते.

करारातील पैशाची रचना जिन्यासारखी असते. स्वाक्षरीच्या वेळी मिळते ती अग्रिम रक्कम, आणि सामान्यतः ती परत करावी लागत नाही. त्यानंतर चाचण्यांचा प्रत्येक टप्पा, सरकारी मान्यता, विक्रीचा ठरावीक आकडा अशा पायऱ्यांवर एकेक हप्ता मिळतो. सर्वांत वरच्या पायरीवर असते रॉयल्टी. मानवी चाचण्यांत उतरलेल्या दहा औषधांपैकी सुमारे नऊ औषधे मान्यतेपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे मोठी कंपनी सारे पैसे एकदम देत नाही. जोखीम जसजशी कमी होते, तसतसे पैसे सुटतात. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र सर्व पायऱ्यांची बेरीजच झळकते. प्रस्तुत लेखकाच्या मते, अशा बातम्यांत ‘पर्यंत’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा असतो आणि नेमका तोच वाचायचा राहून जातो.

ग्लेनमार्कचाच आधीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २०११ मध्ये फ्रान्सच्या सनोफी कंपनीने ग्लेनमार्कचे ‘जीबीआर ५००’ हे प्रतिपिंड परवान्याने घेतले. कराराची एकूण किंमत ६१ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत असल्याचे जाहीर झाले. त्यातील अग्रिम रक्कम ५ कोटी होती. पुढे हे औषध ‘व्हॅटेलिझुमॅब’ या नावाने मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारात तपासले गेले. त्याचा पुरेसा परिणाम दिसून न आल्याने ती चाचणी थांबवण्यात आली आणि उरलेल्या रकमेचा मोठा भाग कागदावरच राहिला. यात कोणाची लबाडी नव्हती. जीवशास्त्राने कौल दिला नाही, एवढेच.

औषध चांगले असूनही करार मोडतो, तेव्हा प्रश्न अधिक अवघड होतो. बेंगळुरूच्या बायोकॉन कंपनीचे उदाहरण घेऊ. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने प्रारंभी विकरे बनवली, आणि २००४ मध्ये यीस्टच्या साहाय्याने तयार केलेले मानवी इन्सुलिन भारतात आणले. ऑक्टोबर २०१० मध्ये फायझर या अमेरिकी कंपनीने तिची इन्सुलिने जगभर विकण्यासाठी २० कोटी डॉलर अग्रिम आणि पुढे १५ कोटींपर्यंत देण्याचा करार केला. भारतीय जैवतंत्रज्ञानाचा तो मोठा सन्मान मानला गेला. पण अवघ्या दीड वर्षाने, मार्च २०१२ मध्ये, दोघांचे प्राधान्यक्रम वेगळे असल्याचे सांगून करार संपवण्यात आला. हक्क बायोकॉनकडे परत आले. युरोप-अमेरिकेच्या बाजारात जाण्याची वाट मात्र पुन्हा शोधावी लागली.

अशा प्रसंगी लहान कंपनीचे खरे संरक्षण दोन कलमांत असते. पहिले म्हणजे मोठ्या कंपनीने औषध पुढे नेण्यासाठी वाजवी ते सर्व प्रयत्न केले पाहिजेत, ही अट. दुसरे म्हणजे करार संपल्यास हक्कांसोबत चाचण्यांची सर्व माहितीही परत मिळाली पाहिजे, ही तरतूद. माहिती हाती नसेल तर परत आलेला हक्क रिकाम्या पेटीसारखा ठरतो. दरम्यान पेटंटचे घड्याळ चालूच असते. निर्णय सहसा दोन्ही बाजूंच्या संयुक्त समितीत होतात. पण एकमत न झाल्यास शेवटचा शब्द बहुधा पैसे देणाऱ्याचा असतो.

बायोकॉनचा दुसरा संसार मात्र टिकला. अमेरिकेच्या मायलन कंपनीशी तिने २००९ मध्ये जैवसदृश औषधांसाठी भागीदारी केली. मूळ जैविक औषधाशी गुणधर्मांत अत्यंत जवळचे असे जे औषध दुसरी कंपनी बनवते, त्याला जैवसदृश म्हणतात. या भागीदारीतील एक औषध होते ट्रास्टुझुमॅब. ‘हर-२’ प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगावरील हे प्रतिपिंड मूळचे जेनेंटेकचे. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली होती. जगभरात ते स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीमार्फत पोहोचले. भारतात मात्र त्याची किंमत बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर होती.

खर्च दोघांनी वाटून घेतला आणि भूगोलही वाटून घेतला. अमेरिका, युरोप, जपान यांसारख्या बाजारांत विक्रीचा हक्क मायलनला मिळाला; भारतासह इतरत्र दोघांनाही विक्रीची मुभा होती. २०१३ च्या अखेरीस भारतीय नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि २०१४ च्या प्रारंभी बायोकॉनने ‘कॅनमॅब’ या नावाने ते बाजारात आणले. ४४० मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ५७,५०० रुपये होती. मायलननेही तेच औषध ‘हर्ट्राझ’ या नावाने विकले. रोशने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि दीर्घ कायदेशीर लढा सुरू झाला. उपचार साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी चालतो. त्यामुळे ही किंमतही मध्यमवर्गीय घराला पेलणारी नव्हती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तरीही स्पर्धेला सुरुवात झाली. २०१५ मध्ये हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले आणि त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा लागू झाली. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकी नियंत्रकांनी बायोकॉन-मायलनच्या ट्रास्टुझुमॅबला मान्यता दिली. मूळ औषधाच्या मायदेशात मान्यता मिळालेले ते पहिलेच जैवसदृश ट्रास्टुझुमॅब ठरले. मायलन पुढे व्हायाट्रिस या नव्या कंपनीत विलीन झाली आणि २०२२ मध्ये व्हायाट्रिसचा जैवसदृश औषधांचा जागतिक व्यवसायच बायोकॉन समूहाने विकत घेतला.

भागीदारीचा आणखी एक प्रकार कोविड-काळात साऱ्या जगाने पाहिला. जर्मनीतील बायोएनटेक आणि फायझर यांनी मार्च २०२० मध्ये लसीसाठी हात मिळवले, तेव्हा इन्फ्लुएन्झाच्या लसीवर त्यांचे २०१८ पासून एकत्र काम सुरू होतेच. येथे केवळ रॉयल्टीचा व्यवहार नव्हता. विकासाचा खर्च आणि नफा निम्मा-निम्मा वाटून घेण्याचे ठरले होते. डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने त्या लसीला तातडीची परवानगी दिली. ओळख आणि विश्वास आधीपासून नसता, तर एवढ्या घाईत हे जमले असते का, याविषयी शंकाच आहे.

भारतीय रुग्णाच्या दृष्टीने या साऱ्या करारांतील सर्वांत महत्त्वाचे पान नकाशाचे असते. ॲबव्हीला ‘आयएसबी २००१’ चे हक्क उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि चीन या बाजारांसाठी मिळाले आहेत. भारत आणि इतर उदयोन्मुख देशांचे हक्क ग्लेनमार्क समूहाने स्वतःकडे ठेवले. त्यामुळे हे औषध यशस्वी ठरलेच, तर येथे ते केव्हा आणि कोणत्या किमतीला आणायचे, हा निर्णय परदेशी भागीदाराच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही. सारेच हक्क एकगठ्ठा विकून टाकल्यास अग्रिम रक्कम फुगते. पण मग भारताचा बाजार दूरच्या कोणत्या तरी कार्यालयातील यादीत शेवटच्या ओळीत जाऊन बसतो.

पहिल्या चाचणीपर्यंत पोहोचण्याआधीच पैसा संपणे, ही आपल्याकडील लहान कंपन्यांची जुनी अडचण आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये ‘बायरॅक’ ही संस्था स्थापन केली. २०१७ मध्ये १,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय बायोफार्मा मोहिमेला मंजुरी मिळाली. त्यातील निम्मा वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा होता. याच वातावरणात आयआयटी मुंबईतून इम्युनोॲक्ट ही कंपनी उभी राहिली. रुग्णाच्याच टी-पेशींमध्ये जनुकीय बदल करून रक्ताच्या कर्करोगाशी लढणारी तिची उपचारपद्धती टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला भारतीय नियंत्रकांची मान्यता मिळाली. हैदराबादच्या लॉरस लॅब्स या औषध कंपनीने २०२१ मध्ये, म्हणजे या मान्यतेच्या दोन वर्षे आधीच, इम्युनोॲक्टमध्ये भागभांडवल घेतले होते. येथे औषधाचा हक्क विकला गेला नाही. भागीदार औषध कंपनीने संशोधक कंपनीतच हिस्सा घेतला.