दम्याच्या मुलासाठी नेब्युलायझर : खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

पावसाळा सरून हवेत गारवा येऊ लागला, किंवा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची धूळ खाली आली, की ज्या घरात दम्याचे मूल आहे त्या घरातील रात्री लांबतात. मध्यरात्री खोकल्याची उबळ येते, छातीत शिट्टी वाजू लागते, आणि राहणे तालुक्याच्या गावी असेल तर बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटर दूर असतो. अशा दोन-तीन रात्री गेल्या की कोणीतरी सुचवते, "घरातच मशीन घेऊन टाका." दुसऱ्या दिवशी नेब्युलायझर घरी येतो. दुकानासाठी नवा वजनकाटा घेताना जेवढी चौकशी होते, तेवढीही या यंत्राबाबत होत नाही. वास्तविक येथे चौकशीची गरज अधिक आहे. कारण योग्य हाती हे यंत्र उपकारक ठरते आणि चुकीच्या भरवशावर तेच घातक होऊ शकते.

यंत्राचे कार्य

दम्यामध्ये श्वासनलिकांच्या आतील आवरणाला सूज असते. धूळ, धूर, सर्दी किंवा थंड हवा यांचे निमित्त होताच नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात, चिकट कफ साठतो आणि हवेची वाट अरुंद होते. अशा वेळी पोटातून दिलेले औषध रक्तावाटे सर्व शरीरभर फिरते. श्वासातून दिलेले औषध मात्र नेमक्या जागी पोहोचते. द्रवरूप औषधाचे सूक्ष्म तुषार करून ते श्वासाबरोबर आत पाठविणे, एवढेच नेब्युलायझरचे काम. लॅटिन भाषेत धुक्याला 'नेब्युला' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. १८५८ साली पॅरिसमध्ये साल-जिरों यांनी हाताने चालविण्याचे असे उपकरण तयार केले होते.

तुषारांचा आकार हा या यंत्राचा प्राण होय. एक ते पाच मायक्रॉन आकाराचे कण श्वासनलिकांत खोलवर जातात. त्याहून मोठे कण तोंडात व घशातच अडकतात, आणि अतिसूक्ष्म कण उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. एक मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणूनच पातेल्यातील गरम पाण्याचा वाफारा आणि नेब्युलायझर यांना एकच समजणे चूक आहे. वाफाऱ्यात दम्याचे औषध नसते आणि लहान मूल भाजण्याचा धोका मात्र असतो.

स्पेसर : स्वस्त आणि दुर्लक्षित

यंत्र निवडण्यापूर्वी एक प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा: आमच्या मुलाचे काम स्पेसरने भागेल काय? स्पेसर म्हणजे इनहेलर पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी. पंपातून सुटलेला फवारा तीत क्षणभर थांबतो आणि मूल नेहमीच्या श्वासाने तो आत घेते. साधारण चार वर्षांखालील मुलासाठी तिला मास्क जोडतात. त्यापुढे मूल तोंडात धरूनच श्वास घेऊ शकते. तिला वीज लागत नाही, ती शाळेच्या दप्तरात मावते आणि काम दोन मिनिटांत उरकते. जागतिक पातळीवर दम्याच्या उपचारांची दिशा ठरविणाऱ्या 'जीना' या संस्थेच्या मार्गदर्शनात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पंप व स्पेसर यांनाच पहिली पसंती आहे. दम्याचा सौम्य किंवा मध्यम झटका आला असतानाही मुलांमध्ये स्पेसर नेब्युलायझरपेक्षा कमी ठरत नाही, असे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे.

तरीही आपल्या घरांतून 'पंपाची सवय लागते' ही भीती मोठी. आजी-आजोबा नातवाला पंप देऊ देत नाहीत. 'मशीनची वाफ' मात्र त्यांना निरुपद्रवी वाटते. येथे थोडा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. साल्ब्युटामॉल हे नलिका मोकळ्या करणारे औषध पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असते. नेब्युलायझरसाठीच्या नेहमीच्या एका कुपीत तेच औषध २.५ मिलिग्रॅम, म्हणजे २,५०० मायक्रोग्रॅम असते. पंचवीस फवाऱ्यांइतके! यातील बरेचसे कपात उरते किंवा हवेत जाते, आणि साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी फुप्फुसात पोहोचतो, हे खरे. पण औषध तेच, आणि कुपीतील मोजमाप पंपाहून पुष्कळ मोठे. तेव्हा पंपाला भिऊन यंत्राकडे वळण्यात तर्क नाही. या पंपाच्या जन्मामागेही एक मूलच आहे. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजच्या प्रमुखांच्या दमेकरी मुलीने विचारले होते, की अत्तराच्या फवाऱ्यासारखे औषध का मिळू नये? त्यातून १९५६ साली मोजक्या मात्रेचा पहिला पंप बाजारात आला.

मग यंत्र कोणासाठी? जे मूल कितीही समजावले तरी स्पेसर स्वीकारत नाही, ज्याला तीव्र झटके वारंवार येतात, ज्याचे घर रुग्णालयापासून दूर आहे आणि ज्याच्या डॉक्टरांनी हे सर्व पाहून तसा सल्ला दिला आहे, त्याच्यासाठी.

तीन प्रकार

पहिला प्रकार कॉम्प्रेसरचा, ज्याला जेट नेब्युलायझर म्हणतात. त्यात मोटर हवा दाबून नळीवाटे कपात सोडते आणि तिच्या वेगाने औषधाचे तुषार होतात. यंत्र जड असते, आवाज करते, एका वेळेस आठ-दहा मिनिटे घेते; पण टिकाऊ असते, सर्व प्रचलित औषधांना चालते आणि सुटे भाग सहज मिळतात. किंमत साधारणतः दीड ते साडेतीन हजार रुपये. बहुतेक घरांसाठी हाच प्रकार योग्य ठरतो.

दुसरा प्रकार अल्ट्रासोनिक. त्यात स्फटिकाच्या अतिवेगवान कंपनांनी तुषार होतात. आवाज कमी असला तरी औषध तापते, आणि ब्युडेसोनाइडसारखी, द्रवात तरंगत्या कणांच्या रूपात असणारी औषधे त्यात नीट उतरत नाहीत. दम्याच्या मुलांना हेच औषध बऱ्याचदा दिले जाते. म्हणून हा प्रकार टाळणेच बरे.

तिसरा प्रकार मेशचा. हजारो सूक्ष्म छिद्रे असलेली जाळी कंप पावते आणि औषध तिच्यातून तुषाररूपाने बाहेर पडते. यंत्र मुठीत मावते, जवळजवळ आवाज करीत नाही, बॅटरीवर चालते आणि कपात औषध फारच थोडे उरते. वारंवार वीज जाणाऱ्या गावी किंवा सतत प्रवास असणाऱ्या कुटुंबाला ते सोयीचे. मात्र चांगल्या मेश यंत्राची किंमत कॉम्प्रेसरच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि प्रत्येक वापरानंतर जाळी स्वच्छ केली नाही तर छिद्रे बुजून ते निकामी होते. जाळी बदलण्याचा खर्च आधीच विचारून घ्यावा.

खोक्यावर काय वाचावे

विक्रेता रंग, कार्टूनचे आकार आणि वॉरंटी दाखवील. ग्राहकाने मात्र तीन आकडे शोधावेत. पहिला, कणांचा सरासरी आकार. तो पाच मायक्रॉनपेक्षा कमी हवा. दुसरा, तुषारांचा वेग. तो मिनिटाला किती मिलिलिटर, असा दिलेला असतो. ०.२ च्या आसपासच्या यंत्राला ०.४ च्या यंत्रापेक्षा दुप्पट वेळ लागेल, आणि तीन वर्षांचे मूल पंधरा मिनिटे एका जागी बसत नाही. तिसरा, कपात अखेर उरणारे औषध. ते जितके कमी तितके चांगले. हे आकडे ज्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात मुळीच नाहीत, ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

नेब्युलायझर हे कायद्याने वैद्यकीय उपकरण आहे. म्हणून उत्पादक किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक वेष्टनावर पाहावा, आणि पक्के बिल घ्यावे. छापील किंमत हा दर्जाचा पुरावा नव्हे, हे व्यापारी कुटुंबांना सांगण्याची गरज नाही. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने नेब्युलायझरसह पाच उपकरणांवरील व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, यावरूनच या बाजारातील छापील किमती आणि प्रत्यक्ष मोल यांत किती अंतर पडले होते याची कल्पना यावी.

परदेशातील आप्त प्रेमाने यंत्र पाठवितात. अमेरिकेतील कॉम्प्रेसर बहुधा १२० व्होल्टवर चालणारा असतो. आपल्याकडील २३० व्होल्टला तो थेट जोडला तर मोटर जळते. शिवाय त्याचे कप, फिल्टर येथे मिळतीलच असे नाही. फिल्टर, नळी, मास्क आणि कप हा या यंत्राचा चालू खर्च आहे. त्याचा विचार भांडवली खर्चाबरोबरच व्हावा.

मास्क, औषध आणि निगा

उत्तम यंत्रही सैल मास्कने वाया जाते. मूल घाबरते म्हणून मास्क चेहऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर धरण्याची रीत सर्रास दिसते. त्या वेळी औषधाचा मोठा भाग खोलीतच विरतो. रडत्या मुलाच्या तोंडावर मास्क दाबून धरणेही व्यर्थ, कारण रडताना औषध फुप्फुसात फारच थोडे उतरते. मूल बरे असताना रिकामे यंत्र सुरू करून आवाजाची ओळख करून द्यावी, मांडीवर ताठ बसवावे, गोष्ट सांगावी. मास्क मुलाच्या मापाचाच हवा. मोठ्यांचा मास्क लहानग्याला चालत नाही. मूल पाचेक वर्षांचे झाले आणि सांगितलेले करू लागले की मास्कऐवजी माउथपीस वापरणे अधिक परिणामकारक.

कपात फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधच घालावे. पातळ करण्यास सांगितले असेल तर निर्जंतुक सलाईनच वापरावे. साध्या पाण्याच्या तुषारांनी श्वासनलिका उलट आकसू शकतात. निलगिरीचे तेल, कापूर, काढा यांपैकी काहीही यंत्रात घालू नये. ब्युडेसोनाइड दिल्यानंतर मुलाने चूळ भरावी आणि मास्क वापरला असल्यास चेहरा धुवावा.

प्रत्येक वापरानंतर कप आणि मास्क सुटे करून धुवावेत, पाणी झटकावे आणि स्वच्छ कापडावर हवेत सुकू द्यावेत. ओल्या कपात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तुषारांबरोबर थेट फुप्फुसात जातात. पाणी उकळून पिण्याची रीत असलेल्या घरात कप उकळून घेणे अवघड नाही. मात्र तो उकळण्याजोगा आहे काय हे माहितीपत्रकात पाहावे. हवेची नळी धुवू नये; आत ओल दिसल्यास कप काढून यंत्र दोन मिनिटे चालवावे. फिल्टर करडा पडला की बदलावा. सर्दी झालेल्या मोठ्यांनी आणि मुलाने एकच मास्क वापरू नये.

यंत्राची मर्यादा

घरात यंत्र आले की निर्धास्तपणा येतो, आणि खरा धोका तेथेच आहे. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने ऑगस्ट २०२२ मध्ये असा सल्ला दिला, की मुलांच्या दम्यासाठी झटक्याच्या वेळी घरी नेब्युलायझर वापरणे तज्ज्ञांनीच सुरू करावे आणि त्यांच्याच देखरेखीखाली ते चालावे. कारण असे, की नेब्युलायझरने तात्पुरता आराम पडतो, आजार आतून बळावत असल्याचे झाकले जाते आणि रुग्णालय गाठण्यास उशीर होतो. रुग्णालयातील नेब्युलायझर बहुधा प्राणवायूवर चालतो. घरचा साध्या हवेवर. ज्या मुलाचा प्राणवायू घसरला आहे त्याला घरचे यंत्र पुरेसे नाही.

बोलताना वाक्य तुटत असेल, बाळाला दूध ओढता येत नसेल, श्वासागणिक बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल गळून गेले असेल किंवा औषधाचा आराम तीन-चार तासही टिकत नसेल, तर विलंब न करता रुग्णालयात न्यावे. सकाळची, दुकान उघडण्याची किंवा घरातील कर्त्या माणसाच्या परतण्याची वाट पाहू नये.

झटक्यापुरते आराम देणारे औषध आणि सूज आवरणारे रोजचे औषध, ही दोन वेगळी खाती आहेत. पहिले वारंवार काढावे लागते याचा अर्थ दुसऱ्यात भरणा कमी पडतो आहे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा, किंवा त्याहून मोठ्या मुलाला दोनपेक्षा अधिक वेळा आरामाचे औषध लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे. मूल बरे दिसते म्हणून रोजचे औषध परस्पर बंद करू नये.

घरातील कारणेही पाहावीत. मिरची-मसाला, धान्य किंवा कापडाची धूळ अंगावर घेऊन वडील दुकानातून येतात; मुलाला जवळ घेण्यापूर्वी त्यांनी कपडे बदलावेत. मुलाच्या खोलीत अगरबत्ती, धूप आणि मच्छर-कॉइल लावू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले होते.

यंत्राच्या पेटीत दोन गोष्टी कायम ठेवाव्यात. एक, डॉक्टरांकडून लिहून घेतलेला कागद: कोणते औषध, किती, किती वेळाने आणि कोणत्या लक्षणाला घर सोडायचे, त्याखाली रात्री उघडे असणाऱ्या रुग्णालयाचा फोन क्रमांक. दुसरी, एक लहान वही: तारीख, वेळ, दिलेले औषध आणि आराम किती तास टिकला. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या घराला हे काम दोन मिनिटांचे आहे, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्या वहीतून जे समजेल ते नुसत्या तोंडी हकीकतीतून समजणार नाही.