आकडे वाचणारा तिसरा माणूस

एक मिलिंग मशीन, तीन माणसं आणि आकड्यांचा भलामोठा तक्ता. एक जण मोठ्याने आकडे वाचतोय. दुसरा एक्स दिशेचं चाक फिरवतोय, तिसरा वाय दिशेचं. दोन्ही चाकं सांगितलेल्या आकड्यावर आली की कटर धातूत उतरतं आणि वर येतं. मग पुढचा आकडा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हे चाललं होतं. आजच्या सीएनसी मशीनचं मूळ या आरडाओरड्यात आहे.

पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याच्या आकारासाठी विमान कंपनीकडून १७ बिंदू मिळत. त्यांमधली वळणं कारागिराने नजरेने जुळवायची. पार्सन्सचे अभियंते फ्रँक स्टुलेन यांनी पंचकार्डांवर चालणारं आयबीएमचं गणनयंत्र वापरून १७चे २०० बिंदू केले. शिवाय प्रत्येक बिंदू कटरच्या त्रिज्येइतका बाहेर सरकवला, कारण कापते ती कटरची कड, मशीनला ठाऊक असतो तो त्याचा मध्य. (ऑपरेटर आजही ज्याला ‘ऑफसेट’ म्हणतात, त्याचाच हा पूर्वज.) कापलेल्या कडेवर बारीक दातेरे राहत, ते कानशीने घासले की काम फत्ते.

आकडे कार्डावर असतीलच, तर ते वाचायला माणूस कशाला? आणि चाकं फिरवायला मोटर का नको? पार्सन्सच्या या प्रश्नांसाठी अमेरिकी हवाई दलाने १९४९ मध्ये पैसे दिले. मोटरचं गणित सोडवायला पार्सन्स यांनी एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेची मदत घेतली. तिथल्या अभियंत्यांना बिंदू-बिंदूने कापणं मान्य नव्हतं. कटर एका बिंदूकडून दुसऱ्याकडे अखंड कापत जायला हवं होतं. पुढे हवाई दलाने एमआयटीशीच थेट करार केला आणि कल्पना ज्यांची, ते पार्सन्स बाजूला पडले.

सप्टेंबर १९५२ मध्ये एमआयटीने सिनसिनाटी कंपनीचं हायड्रो-टेल मशीन भोकं पाडलेल्या कागदी पट्टीच्या हुकमाने तिन्ही अक्षांवर चालवून दाखवलं. त्याचा ‘मेंदू’ म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले भरलेली, फ्रिजएवढी पाच कपाटं. त्यात संगणक नव्हता! नाव होतं नुसतं ‘न्यूमरिकल कंट्रोल’. ‘सीएनसी’तला पहिला ‘सी’, म्हणजे ‘कम्प्युटर’, खूप नंतर आला.

खरी मेख आहे ती ‘सर्व्हो’ या शब्दात. मोटरला ‘दहा मिलिमीटर जा’ एवढं सांगून भागत नाही. किती गेली, हे मोजून परत कळवणारा पहारेकरी लागतो. आज ते काम एन्कोडर करतो. सांगितलेलं अंतर आणि गाठलेलं अंतर यांतला फरक शून्यावर येईपर्यंत मोटर सरकत राहते.

कारखानदारांनी मात्र या नवलाकडे पाठ फिरवली. शेवटी अमेरिकी लष्करानेच १२० मशीन विकत घेऊन उद्योगांना भाड्याने दिली. एक दुसरी वाटही होती. कसबी कारागिराने पहिला जॉब हाताने काढायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपायच्या आणि मशीनने त्या गिरवायच्या. ती मागे पडली. कामावरचा ताबा कामगाराकडून व्यवस्थापनाकडे जावा म्हणूनच ती मागे पाडली गेली, असं इतिहासकार डेव्हिड नोबल यांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं: विमानाचे काही आकार हाताने कापून दाखवणं कुशल कारागिरालाही अशक्य होतं. पण बोटांतलं कसब तक्त्यात गेलं, हे खरंच.

पुढचं झपाट्याने झालं. एमआयटीतल्या डग्लस रॉस यांच्या चमूने ‘एपीटी’ ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. १९५९ मध्ये तिची ओळख करून देताना पत्रकारांना तिच्याच मदतीने कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे वाटले होते. मायक्रोप्रोसेसर आल्यावर ती कपाटं आक्रसून मशीनच्या अंगावरच बसली.

भोसरीत किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ओळखीचं वर्कशॉप असेल तर ऑपरेटरला प्रोग्राम दाखवायला सांगा. ‘जी०१ एक्स५० वाय२५ एफ२००’ अशी ओळ दिसेल: सरळ रेषेत त्या बिंदूपर्यंत जा, मिनिटाला २०० मिलिमीटर वेगाने. मग ‘सिंगल ब्लॉक’ लावायला सांगा. मशीन एक ओळ वाचेल, तेवढंच कापेल आणि थांबेल. ऑपरेटरने बटण दाबलं की पुढची ओळ. नव्या प्रोग्रामचा पहिला जॉब अजूनही असाच काढतात.