हातावर पोट

वाचकहो, आपल्या स्वयंपाकघरातील एखाद्या स्टीलच्या डब्याचे झाकण क्षणभर हातात घेऊन पाहावे. त्याला कोठे सांधा नाही की हातोडीचा घाव नाही. पत्र्याची चकती खालच्या साच्यावर ठेवली, वरचा साचा प्रचंड दाबाने खाली आला, आणि निमिषार्धात पत्र्याचे झाकण झाले. मोटारसायकलचे कितीतरी भाग, कुलपांची कवचे, पंख्याची पाती ही सारी याच यंत्राची अपत्ये होत. कारखान्यात त्याला पॉवर प्रेस म्हणतात. पत्रा ठेवावयाचा, पायाखालची पट्टी दाबावयाची, तयार नग काढावयाचा, पुन्हा पत्रा ठेवावयाचा. एका पाळीत हा क्रम हजारो वेळा होतो, आणि प्रत्येक वेळी माणसाचा हात दोन साच्यांच्या मधून जाऊन येतो.

आपल्या भाषेत गरीब कष्टकऱ्याविषयी बोलताना आपण सहज म्हणून जातो की, त्याचे हातावर पोट आहे. हा वाक्प्रचार किती शब्दशः खरा आहे, हे कामावर अपघात होऊन हात जायबंदी झालेल्या माणसाच्या घरी गेले म्हणजे कळते.

हरियाणातील गुरुग्राम, मानेसर व फरिदाबाद या परिसरात मोटारींचे सुटे भाग बनविणारे असंख्य लहानमोठे कारखाने आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा प्रांतांतून आलेले तरुण तेथे काम करतात. या भागात जखमी कामगारांसाठी झटणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून आपले अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. त्यांतून दिसणारे चित्र असे की, गंभीर दुखापतींत बोटे चिरडण्याचे व तुटण्याचे प्रकार फार, आणि त्यांतील पुष्कळसे पॉवर प्रेसवर घडलेले. वस्तुतः हे अपघात टाळण्याची विद्या जुनीच आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याखेरीज साचा खाली येऊ नये, अशी योजना करता येते. म्हणजे हात साच्याखाली राहूच शकत नाहीत. प्रकाशकिरणांचा पडदा बसविता येतो; हाताने किरण अडविला की यंत्र जागच्या जागी थांबते. परंतु अशा आडकाठीने नगांची संख्या थोडी घटते, आणि नगांवर मजुरी मिळत असेल तर मालकाबरोबर कामगारालाही आडकाठी नकोशी होते. काही जुन्या यंत्रांचा क्लच झिजलेला असतो. पट्टी एकदा दाबली तरी साचा दोनदा उतरतो. दुसऱ्या वेळी तो उतरेल, याची कल्पना नग काढावयास गेलेल्या हाताला कोठून असणार? अशा प्रसंगी ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे लिहून मोकळे होणे हा, प्रस्तुत लेखकाच्या मते, जखमेवर केलेला दुसरा आघात होय.

कारखान्याच्या भिंतीबाहेरही हीच कथा आहे. हरितक्रांतीनंतर उत्तरेच्या गव्हाच्या शिवारांत मळणीयंत्रे आली, आणि पेंढ्या आत सारताना हात ओढले जाण्याचे प्रकार इतके वाढले की, 1983 साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पेंढी घालावयाची पन्हळ लांब व वरून झाकलेली असली तर हात आतील पात्यांपर्यंत पोहोचत नाही. साधीच गोष्ट, पण ती पन्हळ काढून ठेवलेली यंत्रे आजही आढळतात. आपल्याकडील कडबाकुट्टी आणि रसवंतीचा चरक हीही त्याच कुळातील यंत्रे. कडबाकुट्टी तर गोठ्याशेजारी, म्हणजे मुलांच्या खेळण्याच्या जागीच असते. हातातील अंगठी, सैल बाही, पदर किंवा ओढणी यांवाटे यंत्र माणसाला आत खेचते, हे घरातील लहानथोरांनी ध्यानात ठेवावे. बांधकामावरील दुखापत निराळ्या जातीची. तेथे मनुष्य परातीवरून पडतो, आणि पाठीचा कणा मोडला तर हातपाय शाबूत असूनही निकामी होतात. अशा माणसाला हाताला-पायाला धरून उचलू नये. सपाट फळीवर आडवे ठेवूनच हलवावे.

आता अपघातानंतरच्या घटकेचा विचार करू, कारण येथे वाचकांचा प्रत्यक्ष उपयोग आहे. 1963 साली शांघाय शहरात एका कारखान्यातील कामगाराचा उजवा हात यंत्राखाली मनगटाच्या वर तुटला. तेथील शल्यविशारद चेन झोंगवेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा जोडला, आणि पुढे त्या हाताला हालचालही आली. अशा यशस्वी शस्त्रक्रियेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक मानला जातो. आज आपल्या देशातही हे कार्य होते. ओतशाळा, पंपांचे कारखाने व सूतगिरण्या यांनी गजबजलेल्या कोइमतूरमधील गंगा हॉस्पिटल या शस्त्रक्रियेसाठी विख्यात आहे.

मात्र शल्यविशारदाच्या हाती तुटलेला भाग कोणत्या अवस्थेत पोहोचतो, यावर सारे अवलंबून असते. तो भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळावा. कोरड्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे. आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ प्रत्यक्ष लागू देऊ नये. त्याने मांस गोठून मरते. हळद, चुना किंवा तंबाखू जखमेवर चेपू नये. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी आणि हात उंच ठेवावा. बोटात स्नायू नसतात, म्हणून थंड ठेवलेले बोट बराच वेळ टिकते. परंतु मनगटाच्या वरचा भाग तुटला असेल तर सुमारे 6 तासांत रक्तपुरवठा सुरू व्हावा लागतो. म्हणून जवळच्या दोन-तीन दवाखान्यांत फिरण्यापेक्षा, कोणत्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होते याची आधी दूरध्वनीवरून चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट अगदी पहिल्या तासातच घडते, आणि तिचा परिणाम जन्मभर राहतो. रुग्णालयातील पहिल्या केसपेपरवर दुखापतीचे कारण लिहिले जाते. कामगाराला घेऊन आलेला मुकादम ‘घरी पडला’ असे सांगतो, वेदनेने अर्धमेला झालेला जखमी बोलत नाही, आणि मग नुकसानभरपाईच्या वेळी तोच कागद त्याच्याविरुद्ध उभा राहतो. घरच्या माणसाने डॉक्टरांना शांतपणे विनंती करावी की, कोणत्या कारखान्यात, कोणत्या यंत्रावर व किती वाजता अपघात झाला तेवढे लिहावे. त्या कागदाची एक प्रत आपल्यापाशी असावी.

राज्य कामगार विमा योजनेचा आरंभ 24 फेब्रुवारी 1952 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात झाला. तिच्या कक्षेतील कारखान्यात ठराविक वेतनमर्यादेच्या आतील कामगाराला कामाच्या पहिल्या दिवसापासून दुखापतीचे संरक्षण मिळते. त्यासाठी आधी काही महिने वर्गणी भरलेली असावी लागत नाही. उपचार विनामूल्य, काम करता येत नाही तोवर वेतनाच्या 90 टक्के रक्कम, आणि कायमचे अपंगत्व आले तर आयुष्यभर मासिक निर्वाहवेतन. असे असता, वर उल्लेखिलेल्या अहवालांत असे आढळले की, बहुसंख्य जखमींना विम्याचे कार्ड अपघात घडल्यानंतरच मिळालेले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. परगावी नोकरीस लागलेल्या मुलास पहिल्या पत्रात किंवा पहिल्या दूरध्वनीत आई ‘जेवलास का’ असे विचारते. त्याच वेळी ‘नेमणूकपत्र आणि विम्याचे कार्ड मिळाले का’ हेही तिने विचारावे.

कायद्याने अवयवांची किंमतही ठरविली आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याला असे कोष्टक जोडलेले होते. ते कालांतराने विस्तारत गेले आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवले आहे. त्यात कमाईच्या शक्तीतील घट शेकड्यांत मोजतात. दोन्ही हात गेले तर 100, अंगठा 30, तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावला तर 40. तर्जनीचे केवळ टोक, हाड शाबूत ठेवून, छाटले गेले तर 5. असे मजकूर मराठीत उतरविणे हा आमच्या नित्याच्या कामाचा भाग, परंतु या कोष्टकापाशी लेखणी अडखळते. कोष्टक अन्यायाचे आहे असे नव्हे. काहीतरी माप हवेच, आणि ते नसते तर जखमीला प्रत्येक बोटासाठी घासाघीस करावी लागली असती. तथापि करंगळी गमावलेला शिंपी आणि करंगळी गमावलेला पहारेकरी यांचे नुकसान सारखे कसे मानावे? तबलजीचे तर बोलावयासच नको.

हात जोडला गेला, टाके निघाले, म्हणजे दुखणे संपले असे घरच्यांना वाटते. खरे दीर्घ काम त्यानंतर सुरू होते. रुग्णालयातील व्यायामशाळेत अशी माणसे ओळीने बसलेली दिसतात. कोणी राजम्याचे दाणे एकेक उचलून वाटीत टाकतो, कोणी सदऱ्याची बटणे लावतो नि काढतो, कोणी नाणी उलटीसुलटी करतो. तुटलेली मज्जातंतू जोडली तरी ती दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर एवढ्याच गतीने पुढे वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोहोचावयास तिला सहा महिने लागू शकतात. तोवर त्या बोटांना ऊनगार कळत नाही. म्हणून चहाचा पेला त्याच्या दुसऱ्या हातातच द्यावा.