अपत्याची आस, इस्पितळाची वाट

लग्नाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिला प्रश्न सुनेला विचारला जातो आणि पहिला उपाय देवळात शोधला जातो. देवीची ओटी भरावी, कौल घ्यावा, नवस बोलावा; यात आम्हांस काही गैर वाटत नाही. श्रद्धेने मनाला धीर येतो आणि अशा प्रसंगी धीराची गरज मोठी असते. गैर वाटते ते एवढेच, की देवळाची वाट घरातील सर्वांना ठाऊक असते, इस्पितळाची वाट मात्र कोणी दाखवीत नाही. आणि दाखविलीच तर त्या वाटेवर एकट्या सुनेची रवानगी होते.

अपत्यहीनतेचे दुःख राजवाड्यांनाही चुकले नाही. माळव्यातील धार हे पवारांचे मराठी संस्थान. १८०७ मध्ये आनंदराव पवार निवर्तले तेव्हा त्यांची पत्नी मैनाबाई गरोदर होती. तिला पुत्र झाला, पण तो अल्पायुषी ठरला. तेव्हा बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन तिने गादी राखली. त्याच धारच्या किल्ल्यात १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला होता. त्यांनी अनेक विवाह केले, तरी त्यांच्यामागे पुत्र उरला नाही. १८२७ मध्ये त्यांनी नानासाहेबांना दत्तक घेतले. इतक्या विवाहांनीही जो प्रश्न सुटला नाही, तो केवळ स्त्रीच्या नशिबाचा कसा म्हणावा? त्या काळी हे विचारणारे कोणी नव्हते. आज विचारता येते, आणि त्याचे उत्तरही देता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे एकीला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत पुरुषातील दोष हे एक कारण असते. स्त्रीच्या बाबतीत बीजकोशाचे विकार, थायरॉईड, बंद झालेल्या गर्भनलिका ही कारणे आढळतात, आणि नलिका बंद होण्यामागे आपल्या देशात कित्येकदा क्षयरोगही असतो. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनी तपासणी करून घ्यावी. स्त्रीचे वय पस्तिशीपलीकडे असल्यास सहा महिन्यांहून अधिक थांबू नये. पुरुषाची वीर्यतपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त. तरीही तीच सर्वांत शेवटी होते, याचे कारण वैद्यकशास्त्रात नाही, पुरुषी अहंकारात आहे.

कृत्रिम गर्भधारणेचे शास्त्र आपल्याला नवे नाही. १९७८ मध्ये इंग्लंडात पहिले परीक्षानळी बालक जन्मले आणि त्याच वर्षी काही आठवड्यांच्या अंतराने कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तोच प्रयोग यशस्वी केला. त्यांच्या वाट्याला अवहेलना आली आणि १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांना यश आले. के. ई. एम. हे महापालिकेचे, म्हणजे सामान्यांचे रुग्णालय, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. सार्वजनिक रुग्णालयात रुजलेली ही विद्या पुढे मुख्यतः मोठ्या शहरांतील खाजगी केंद्रांत वाढली, आणि ज्याच्या खिशात पैसा त्याच्याच पदरी उपचार, अशी स्थिती आली. आयुष्मान भारत योजनेतही वंध्यत्वावरील उपचारांचा समावेश नाही.

पैशाइतकीच अंतराचीही अडचण असते. त्याच धार जिल्ह्यातील धरमपुरी हे नर्मदेच्या उत्तर तीरावरचे जुने गाव घ्या. तेथील जोडप्याला अशा उपचारासाठी इंदूर गाठायचे तर विंध्याचा घाट चढून नव्वद-शंभर किलोमीटर जावे लागते. हे काही एका दिवसाचे काम नव्हे. दहा-बारा दिवस इंजेक्शने, मधूनमधून सोनोग्राफी, मग बीज काढणे, तीन ते पाच दिवसांनी गर्भ सोडणे आणि त्यानंतर सुमारे दोन आठवडे निकालाची प्रतीक्षा. प्रत्येक खेपेस मजुरी बुडते आणि शेजाऱ्यांना काही तरी निमित्त सांगावे लागते. एवढे करूनही पहिल्याच फेरीत यश येईल असा भरवसा नाही. निष्फळ ठरणाऱ्या फेऱ्याच अधिक असतात. दूरच्या गावचे जोडपे मध्येच उपचार सोडते, ते इच्छा सरली म्हणून नव्हे, बळ सरले म्हणून.

या दृष्टीने आपण गोमंतकीय भाग्यवान आहोत. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये हे उपचार मोफत सुरू झाले, आणि काणकोण काय किंवा पेडणे काय, सकाळी निघालेले जोडपे संध्याकाळी घरी परतू शकते. सरकारचे यासाठी आम्ही अभिनंदन करतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. वीर्यतपासणी आणि प्राथमिक चाचण्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रातच व्हाव्यात, म्हणजे बांबोळीत नुसती गर्दी होणार नाही. जोडप्याची समजूत घालणारा, अपयशानंतर धीर देणारा सल्लागार तेथे असावा. आणि किती फेऱ्या झाल्या, किती घरांत मूल आले, याचा हिशेब दरवर्षी जनतेपुढे मांडला जावा.

खाजगी केंद्रात जाणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. २०२१ चा सहाय्यित जननतंत्राविषयीचा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. त्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. दोघांची लेखी संमती घेतल्यावाचून उपचार करता येत नाहीत. तेव्हा नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे. आमच्या वयाच्या जोडप्यांत तुमचे यश किती, एकूण खर्च किती आणि फेरी फसली तर पुढे काय, हे स्पष्ट विचारावे. मुलगाच होईल असे सुचविणारा कोणी भेटला, तर त्याच्या दारातून माघारी फिरावे. लिंगनिवड हा गुन्हा आहे.

आणि कोठे थांबावे, हेही आधीच ठरवावे. उपचार थांबविणे म्हणजे पराभव नव्हे. मैनाबाईने बहिणीचे मूल आपले म्हणून वाढविले. आज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे रीतसर नाव नोंदवून परके मूल आपले करता येते. प्रतीक्षा काही वर्षांची असते, पण तो राजमार्ग आहे. कोणा मध्यस्थाकडून परस्पर मूल घेण्याच्या आडवाटेने मात्र कोणीही जाऊ नये. आणि ज्यांना दोघांच्याच संसारात समाधान आहे, त्यांना हळदीकुंकवाला आणि बारशाला सन्मानाने बोलवावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

सासूबाईंनी देवीची ओटी जरूर भरावी. पण देवळातून परतल्यावर त्यांनी आपल्या मुलाला हाक मारावी आणि सांगावे, "बाळा, उद्या बांबोळीला जायचे आहे, सुनेबरोबर तूही चल." ज्या दिवशी हे वाक्य आपल्या घराघरांत सहज उच्चारले जाईल, त्या दिवशी अर्धी वाट सरली असे आम्ही समजू.