अंतर वाढले, वेळ मात्र घटला!

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर हा प्रवास पावणेचौदा तासांत आटोपायला हवा. तिकिटावर मात्र त्याहून बराच मोठा आकडा दिसतो. मुलांकडे कॅलिफोर्नियाला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या आई-वडिलांना हा हिशेब हमखास कोड्यात टाकतो.

१२,४०० किलोमीटर हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेले सर्वांत कमी अंतर. हा दोरा दिल्लीहून हिमालय, तिबेट आणि सैबेरियावरून थेट आर्क्टिक महासागरात शिरतो. विमान मात्र सहसा त्या रेषेवरून जात नाही. केबिनमधील हवेचा दाब अचानक घटला, तर वैमानिकाला तातडीने दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते आणि तिबेटचे पठारच मुळी त्याहून उंच आहे. त्यामुळे वळसा अटळ ठरतो.

पण वळसा म्हणजे विलंब, असेही नाही. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये या मार्गावर विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जात असे. हे अंतर होते सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने तेच विमान पूर्वेकडे वळवून पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झाले, प्रवास मात्र साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर संपला!

ही किमया वाऱ्याची. विमाने ज्या उंचीवरून उडतात, तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतात. त्यांना 'जेट स्ट्रीम' म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते पाठीमागून रेटतात, तर पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतात. पृथ्वी विमानाखालून फिरत असल्याने वेळेत फरक पडतो, हा समज चुकीचा आहे. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते.

वाऱ्याइतकेच राजकारणही घड्याळ बदलते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. त्यानंतर उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. अधिक इंधन घ्यावे, तर विमानाचे वजन वाढते आणि ते वजन वाहण्यासाठी पुन्हा इंधन जळते. मग आसने तरी रिकामी ठेवावी लागतात, नाहीतर मध्ये थांबावे लागते.

शिवाय तिकिटावरील कालावधी हा केवळ उड्डाणाचा नसतो. विमान विमानतळावरील आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला उभे राहीपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो.

सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा मात्र त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापतात. अमेरिकेतील उन्हाळी वेळेनुसार सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेबारा तास मागे असते. म्हणजे दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघालेला प्रवासी साडेचौदा तासांनी तेथे उतरतो, तेव्हा त्याच दिवशीचे सकाळचे ६ वाजलेले असतात. कागदावर प्रवास अवघा दोन तासांचा!